शितावरून भात

एकशे बासष्ट सामन्यांतले अकरा झाले.
नऊ हरलो.
"एप्रिल आहे अजून," राडोव्हान म्हणतो
आणि थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून
माझ्याकडे सरकवतो.
मागच्या एप्रिलातही हेच वाक्य होतं, हेच झाकण,
कडेला हाच टवका.

ईरी सरोवरावरून निघालेला वारा
तिसऱ्या बेसच्या बाजूने आत शिरतो
आणि तिकीटबिकीट न काढता
प्रत्येकाच्या कॉलरमध्ये जागा घेतो.
खुर्च्या पस्तीस हजार.
माणसांपेक्षा सीगल जास्त.
त्यांना शेंगदाण्यांशी मतलब, गुणतक्त्याशी नाही,
म्हणून तेच सुखी.

थेल्मा प्रुइट रात्रपाळी करून, दोन तास झोपून आली आहे.
नर्सच्या गणवेशावर भावाचं शिकारीचं जाकीट.
मांडीवरच्या वहीत ती पेन्सिलीने
एकेक चेंडू टिपते,
पेशंटचा ताप लिहावा तसा,
न घाबरता.

पहिल्या बेसवरचा बॉइडस्टन
चार सामन्यांनंतर पाचशेच्या सरासरीवर होता.
तेव्हा कोपऱ्यावरच्या बारमध्ये
त्याचा पुतळा कुठे उभारायचा यावर
रात्री दीडपर्यंत वाद झाला.
उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.
आता तो दोनशे चौदावर आहे
आणि पुतळ्याच्या जागेचं कुणी नाव काढत नाही.

शितावरून भात कळतो म्हणे.
पण इथे पातेलं सहा महिने चुलीवर असतं,
आणि एप्रिलचं शीत
दाताखाली कच्चंच लागतं.
तरी आम्ही चावतो.

शॉर्टस्टॉपला नवा पोरगा आहे, येइसन मार्मोलेहोस,
एकवीस वर्षांचा,
डॉमिनिकन बेटावरच्या कुठल्याशा उसाच्या गावातला.
एकोणीस वेळा बॅट घेऊन उभा राहिला,
एकोणीस वेळा नुसताच परतला.
पाळण्यात पाय दिसतात म्हणणाऱ्यांचे
त्याचे पाय बघून झाले,
खालच्या लीगमध्ये धाडा त्याला, हेही सांगून झालं.

पाचव्या इनिंगमध्ये बर्फ सुरू झाला.
आम्ही शिव्या घातल्या, सवयीने.
दोन चेंडूंच्या मधल्या फटीत
पोराने ग्लव्ह उताणा धरला,
एक कण आत घेतला, वाकून पाहिला,
दुसऱ्या बेसवरच्या भिडूला दाखवायला धावला,
तोवर तो नव्हताच.

थेल्माची पेन्सिल हवेत थांबली.
याला वहीत रकाना नाही.

आठव्यात तो विसाव्यांदा आला.
चेंडू बॅटच्या देठाशी लागला, खुळचट आवाज,
आणि ओल्या गवतावरून
झोपमोड झालेल्या बेडकासारखा
दोन-तीनदा उचकून
रेषेच्या अलीकडे बसून राहिला.
उचलायला आलेल्याचा पाय घसरला.
येइसन धावला, हेल्मेट एकीकडे, तो एकीकडे,
आणि बेसवर पोचल्यावरही
कुणीतरी परत बोलावेल अशा चेहऱ्याने
मागे बघत राहिला.

थेल्माने एक रेघ ओढली.
रेघेत घसरण्याचा उल्लेख नसतो.

आम्ही उठलो.
चारशे असू, फार तर पाचशे.
हातमोज्यांतल्या टाळ्या
उशा झटकल्यासारख्या वाजतात.
कालच ज्याने दुकानात त्याचं नाव घेऊन
एका बुटाच्या टाचेत खिळा ठोकला होता,
तो राडोव्हानही उठला,
गुडघ्याला शिवी देत.

हरलो. सहा-एक.
बारातले दहा.

जिन्याशी राडोव्हान थर्मास उलटा करून झटकतो.
उद्या पुन्हा बर्फ सांगितलाय,
आणि पिचर तोच, ज्याला मंगळवारी
पहिल्याच इनिंगमध्ये सहा धावा बसल्या.
"उद्या मला जरा उशीर होईल," थेल्मा म्हणते,
"माझी जागा धरून ठेवा."

मागे पस्तीस हजार रिकाम्या खुर्च्या
पांढऱ्या होत चालल्या आहेत.
"ठेवतो," आम्ही म्हणतो, दोघंही,
अगदी गंभीरपणे.